टिकलीने ओढलेली दोरी

परवापरवाचीच गोष्ट. पॅसिफिकमधल्या एका एकाकी बेटाभोवतीचं प्रवाळ पांढरं पडून मरत होतं. तपासणीला पाणबुड्या आला, तसं म्हाताऱ्या हेकरू माशाने सगळ्यांना उरल्यासुरल्या रंगीत कोपऱ्यात गोळा केलं.

“पाहुण्यापुढे घरची लक्तरं काढायची नाहीत!”

“मग तो ‘सगळं ठीक’ म्हणून निघून जाईल, आजोबा! तुमचं खाऊन झालं. आम्ही काय खायचं, तुमची अब्रू?” प्रवाळावर जगणारी टिकली नावाची चिमुकली मासोळी कडाडली.

पाणबुड्याने रंगीत कोपऱ्यात मोजणीची दोरी अंथरली. टिकलीने तिचं टोक तोंडात धरून मेलेल्या बाजूला ओढलं. त्याने सोडवलं, तिने पुन्हा धरलं. शेवटी तो दोरीमागून आला आणि ते पांढरं स्मशान पाहून थबकला.

“नाक कापलंस आमचं, कार्टे!” हेकरू ओरडला.

टिकलीने दोरी सोडली नाही.