पट्टीमागचं पान

एका गावात एक शाळा होती, चौथीपर्यंतची. शाळेत एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटात गोष्टींची पुस्तकं होती. त्या कपाटालाच सगळे वाचनालय म्हणायचे. हसू नका, कपाट लहान असलं तरी पुस्तकं खरी होती.

कपाटाची किल्ली एका बाईंकडे असायची. बाई शिकवायला चांगल्या, मनाच्याही वाईट नव्हत्या. पण स्वभाव भारी संशयी! मेथीची जुडी घेतली तरी दोरा सोडून आत बघायच्या. एखाद्या पोराचं पोट दुखलं तर आधी त्याचं तोंड निरखायच्या, मग घरी पाठवायच्या.

तरी त्यांनी एक खेळ फार झकास काढला होता, तेवढं माप त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. दर शनिवारी त्या एक पुस्तक निवडायच्या. त्याचं शेवटचं पान कागदाची पट्टी आणि खळ लावून बंद करायच्या आणि पट्टीवर स्वतःची सही ठोकायच्या. मग सतरंजीवर पहिली ते चौथीच्या सगळ्या पोरांना बसवून गोष्ट वाचायच्या, ती थेट पट्टीपर्यंत. पुस्तक सगळ्यांच्या हातांतून फिरायचं. चित्रं बघा, पुन्हा वाचा, एकमेकांना विचारा आणि सांगा, शेवट काय झाला असेल? ज्याचं बरोबर येईल त्याला ते पुस्तक आठवडाभर घरी न्यायला मिळायचं. एरवी पुस्तकं घरी द्यायची पद्धत नव्हती, हरवतील म्हणून.

चौथीत गोजरा नावाची एक मुलगी होती. तिच्या घरी पुस्तक नव्हतं, जुनं कॅलेंडर सोडून. तिची आई लोकांच्या गोधड्या शिवायची. शाळेत कधी गेलेली नव्हती, पण गोष्टीची तिला भलती आवड. गोजराने एकदा पुस्तक जिंकून आणलं आणि आईसमोर बसून वाचलं, तेव्हापासून दोघींना चटकच लागली. सुई ओवता ओवता आई म्हणायची, “हं, मग पुढं? वाच की गं, थांबलीस का?”

त्यामुळे गोजरा त्या खेळात जीव ओतायची. दुसरी पोरं पुस्तक दोन मिनिटांत पुढे सरकवायची. ही प्रत्येक चित्रावर बोट ठेवून बसायची. आणि लागोपाठ चार शनिवार तिचं उत्तर बरोबर आलं.

चार शनिवार! शाबासकी द्यायची की नाही? पण बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढीशी पोर दर वेळी बरोबर कशी सांगते? नक्की पट्टी उघडते!

त्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. सही जागच्या जागी, खळ घट्ट. मग त्यांनी पट्टीखाली केसाएवढा बारीक दोरा ठेवला. दोराही हलला नाही. वर्गातल्या दोन मुलींना गोजरावर नजर ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाई, ती नुसती चित्रं बघत बसते.”

आता शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? पोर निर्दोष आहे, चला विषय संपला. बाई काय म्हणाल्या? “इतकं बेमालूम करते! दोरासुद्धा हलू देत नाही!” घ्या! संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला पुरावा मिळाला तरी चालतं आणि नाही मिळाला तरी चालतं.

पाचव्या शनिवारी एका कुंभाराची गोष्ट होती. त्याचं गाढव हरवतं, तो गावभर हिंडतो, आणि पुढे पट्टी. बाईंनी मुद्दाम आधी गोजरालाच उभं केलं.

“गाढव कुठे सापडलं असेल?”

“घरामागंच असंल, बाई.”

बाईंनी पट्टी फाडली. गाढव घरामागेच उभं होतं.

“कधी उघडलीस पट्टी?”

“नाही उघडली, बाई.”

“मग तुला कळलं कसं? स्वप्न पडलं?”

“गोष्टीतच आहे बाई. तिसऱ्या पानावर घरामागं बादली उभी आहे. पाचव्या पानावर तीच बादली आडवी पडली आहे. कुणीतरी पाणी प्यायलं म्हणून...”

बाईंनी पाचवं पान उघडून बघायला हवं होतं. पुस्तक त्यांच्या हातातच होतं. पण त्या बघत होत्या गोजराच्या तोंडाकडे, कुठे चोरी दिसते का ते.

“वर तोंड करून बोलतेस? चोरून शेवट वाचणारीला माझ्याकडे पुस्तक नाही. जा, मागे बस. आजपासून तुझं पुस्तक बंद!”

गोजरा रडली नाही. मागे जाऊन भिंतीला टेकून बसली. घरी गेल्यावर आईने विचारलं, “या बारीला पुस्तक न्हाई आणलं?” तेव्हा ती म्हणाली, “संपली गं पुस्तकं.” जन्मात कधी पट्टी न उघडलेल्या पोरीला त्या दिवशी खोटं बोलावं लागलं. सांगताना मलासुद्धा राग येतो.

बाकीची पोरं काय आंधळी होती? त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि त्यातून धडाही घेतला. पुढच्या शनिवारी एका मुलाच्या ओठांवर शेवट आला होता. शेजारणीने त्याला कोपराने ढोसलं. “गप! बरोबर सांगितलंस तर चोर ठरशील.” तो उठून म्हणाला, “बाई, शेवटी सगळे आंबे खाऊन झोपतात.” गोष्टीत एकही आंबा नव्हता.

मग काय, सगळ्यांचीच उत्तरं चुकायला लागली. कुणी राजाला विहिरीत ढकललं, कुणी कोंबडीचं लग्न लावलं. एखादा चुकून बरोबर बोलून गेला तर बाकीचे डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचे. डबा खाताना एकत्र बसणारी पोरं आता एकमेकांपासून सरकून बसायची. न जाणो, कोण कोणावर नजर ठेवून असेल!

बाई मात्र खूश. हेडमास्तरांना म्हणाल्या, “बघा, एकीला वठणीवर आणलं आणि चोऱ्या बंद झाल्या.” पुस्तक कुणालाच मिळत नव्हतं, म्हणून ते आपलं दर शनिवारी कपाटात परत जायचं. पोरंही आता चित्रं बघेनाशी झाली. चुकीचंच सांगायचं तर वाचायचं कशाला?

असे दोन महिने गेले. मग तालुक्याहून एक साहेब शाळा बघायला आले. या खेळाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. हेडमास्तरांसोबत वर्गात बसून त्यांनी पिशवीतून नवंकोरं पुस्तक काढलं. शेवटचं पान त्यांनी स्वतःच्या हाताने बंद करून आणलं होतं.

“बाई, तुम्ही वाचा. आम्ही ऐकतो.”

बाईंनी वाचलं. एका शिंप्याची कात्री हरवते. तो शेजाऱ्यावर आळ घेतो, गिऱ्हाइकावर घेतो, सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो. इतक्यात लग्नाचा कोट शिवून नेलेला नवरदेव येतो आणि म्हणतो, “कोट झकास शिवलात हो, पण एका बाजूला लोंबतोय.” आणि पुढे पट्टी.

“बोला मुलांनो, कात्री कुठे असेल?”

“कावळ्याने नेली!” “चहात पडली!” “कात्री नव्हतीच, साहेब!”

साहेबांनी मागे बसलेल्या गोजराला विचारलं. ती म्हणाली, “माहीत नाही.”

साहेबांचा चेहरा पडला. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. साहेब म्हणाले, “बरं, बाई, तुम्हीच सांगा.”

“कोटाच्या अस्तरात शिवली गेली असणार,” बाई पटकन म्हणाल्या.

साहेबांनी पट्टी काढली. कात्री अस्तरातच होती.

तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी, पुढे बसलेली, अगदी निरागसपणे म्हणाली, “बाई, तुम्ही पट्टी कधी उघडली?”

“मी? मी कशाला उघडू?”

“मग तुमचं बरोबर कसं आलं?”

बाईंनी वर पाहिलं. वर्गातली सगळी पोरं डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होती. साहेबही हसत म्हणाले, “पिशवी मघाशी ऑफिसात होती खरी, बाई!” त्यांनी थट्टा केली होती, पण बाईंना घाम फुटला. उघडली नाही, हे दाखवणार कसं? पट्टी तर आता निघालेली.

“अहो, गोष्टीतच आहे ना! कोट एका बाजूला लोंबतोय म्हटल्यावर...”

आणि बाई तिथेच थांबल्या. हेच तर ती पोर सांगत होती! त्यांनी कपाटातून कुंभाराचं पुस्तक काढलं. तिसरं पान पाहिलं, पाचवं पाहिलं. बादली आडवी पडली होती.

बाई सतरंजी तुडवत मागच्या भिंतीपाशी गेल्या. साहेब बघतायत, हेडमास्तर बघतायत, पण त्यांनी पर्वा केली नाही.

“गोजरा, मी चुकले गं. तू पट्टी उघडली नव्हतीस. मी तुला उगाच चोर म्हटलं.”

“बरं, बाई,” गोजरा म्हणाली. तेवढंच.

त्या दिवशी बाईंनी तिला दोन पुस्तकं घरी दिली. आई ऐकत ऐकत सुई हातात धरून तशीच बसून राहिली. दोघींचं वाचन पुन्हा सुरू झालं, ते एक बरं झालं. वर्गातली बाकीची पोरंही हळूहळू शेवट सांगायला लागली. बरोबर उत्तर आलं की बाई विचारायच्या, “कुठल्या पानावरून ओळखलंस? मलाही दाखव.” आणि खरंच वाकून बघायच्या.

पण पुढच्या शनिवारी बाईंनी गोजराला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “माहीत नाही, बाई.” तिला माहीत होतं. नेमक्या चित्रावर बोट ठेवून बसली होती ती, बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. बाईंनी प्रेमाने विचारलं, एकटीला बोलावून विचारलं. “माहीत नाही, बाई.”

उन्हाळा आला. गोजरा चौथी पास झाली आणि शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत गेली. बाईंना तिच्याकडून एकही शेवट पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: खरं बोलणाऱ्या मुलाला खोटं ठरवायला एक क्षण पुरतो, त्याने पुन्हा आपल्याशी मोकळेपणी बोलावं हे मात्र आपल्या हातात राहत नाही. म्हणून बोट रोखण्याआधी पान उघडून बघावं.