बिनशिक्क्याची मूठ

शेर-पायली जाऊन नुकते किलो आले होते, तेव्हाची गोष्ट. वाकडगावच्या बाजारात गोजराबाई भाजलेल्या शेंगा विकायची. मापटं भरून झालं की वर एक मूठ घालायची. तिचं गिऱ्हाईक टिकून होतं ते त्या मुठीवरच.

वजनमाप निरीक्षक चौबळसाहेबांनी ते मापटं जप्त केलं आणि भर बाजारात दम दिला, "सरकारी शिक्का नसलेल्या मापानं एक शेंग जरी दिलीस, तर खटला भरीन."

पुढच्या बाजाराला साहेबच पिशवी घेऊन आले. गोजराबाईनं शिक्क्याच्या वजनानं किलोभर शेंगा तोलून पिशवीत ओतल्या. साहेबांनी पिशवी काही मिटली नाही.

"आणि वरची मूठ?"

गोजराबाईनं शेंगांनी भरलेली मूठ त्यांच्यापुढे धरली. "घालते की, साहेब. आधी हिच्यावर शिक्का मारा."