हेराचे पहिले खोटे

एकदा एका तरुण लेखिकेने किशोरांसाठी कादंबरी लिहिली. तिचे नाव इरावती. कथा महायुद्धाच्या काळातली: सतरा वर्षांची मुलगी हेर होऊन शत्रूच्या छावणीतून गुप्त निरोप आणते. इरावतीने दोन वर्षे संदर्भ गोळा केले, गणवेशांची बटणेसुद्धा तपासून घेतली. तरीही मुलांनी पुस्तक अर्ध्यावर सोडले. "सगळं आहे, पण वाचताना काहीच वाटत नाही," असे एका मुलीने कळवले.

खिन्न होऊन ती आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते. तिचे ऐकून घेऊन त्यांनी तिला एक बंद पाकीट दिले.

"उद्या शेजारच्या गावी ग्रंथपालांना हे नेऊन दे. वाटेत कोणीही विचारलं, तरी खरं कारण सांगायचं नाही."

इरावतीला नवल वाटले, पण तिने पाकीट घेतले.

सकाळी घराबाहेर पडताच मावशी भेटली. आई गेल्यावर तिनेच इरावतीला वाढवले होते.

"कुठे गं निघालीस?"

"मैत्रिणीला ताप आलाय. बघून येते."

"अगंबाई. थांब जरा." मावशी लगबगीने घरात गेली आणि मऊ भाताचा डबा घेऊन आली. "तिला म्हणावं, मीठ बेतानंच घातलंय."

इरावतीला मावशीच्या नजरेला नजर देता आली नाही. बसमध्ये तो ऊन डबा तिने मांडीवर धरून ठेवला.

संध्याकाळी पाकीट पोहोचवून परतल्यावर तिने गुरुजींना सारे सांगितले. "पाकिटात होतं तरी काय?"

"कोरा कागद," गुरुजी म्हणाले. "तुझी नायिका शत्रूला अकरा वेळा फसवते. पण तिच्या घरी कोणीच नाही का? रोज कुठे जातेस, असं विचारणारं? हेर शत्रूशी खोटं बोलतो ते नंतर. आधी त्याला स्वतःच्या माणसांशी खोटं बोलावं लागतं. युद्ध घरात शिरतं ते तिथून. ते तुझ्या पुस्तकात नाही."

इरावती तडक मावशीकडे गेली आणि तिने खरे ते सांगून टाकले. मावशी भाजी निवडत होती.

"मग भात कोणी खाल्ला?"

"मीच. स्टँडवर बसून."

"बरं केलंस." मावशीचे हात थांबले. "पण आता कधी कोणी आजारी आहे म्हणालीस, तर मी आधी विचारात पडेन."

कादंबरीत जे उतरले नव्हते, ते या एका वाक्यात होते. इरावतीला ते कळले; पण लिहायला उठावे असे तिला वाटले नाही. ती मावशीशेजारी बसली आणि भाजी निवडू लागली.