केवड्याच्या वासाची गादी

जंगल जिथे संपतं आणि माणसांची शेतं सुरू होतात, तिथे मुलांनो, एक एकटंच कौलारू घर होतं. त्या घराच्या ओसरीवर एक कुत्रा राहत असे. घर द्वारकाबाई आणि भिवाजी या नवरा-बायकोचं. ओसरीला लागून बकऱ्यांचा गोठा होता. त्याचं छप्पर इतकं खाली आलेलं होतं की आत दिवसाही अंधार असायचा. कुत्र्याचं नाक मोठं तिखट होतं. रानातून बिबट्या नुसता पलीकडच्या ओढ्यावर आला, तरी त्याला इकडे कळायचं, आणि मग तो भुंकून सगळ्यांना सावध करायचा.

द्वारकाबाईंनी जुन्या लुगड्याची खोळ शिवून, आत चिंध्या भरून त्याला एक गादी करून दिली होती. कुत्र्याचा तिच्यावर फार जीव. पावसाळ्यात तो चिखलाने भरलेला यायचा आणि तसाच तिच्यावर आडवा व्हायचा. केस, लाळ, ओल, सगळं त्या गादीत मुरत गेलं. ओसरीवर पाऊल ठेवताच वास नाकात भरायचा. द्वारकाबाई गादी धुवायला उचलू लागल्या की तो दात दाखवून गुरगुरायचा.

“अरे मेल्या, मी काय तुझं घर काढून घेतेय का?” त्या वैतागून म्हणत. शेवटी त्यांनी नाद सोडला. बाजारातून केवड्याच्या वासाची पावडर आणली आणि रोज सकाळी ती गादीवर भुरभुरायला सुरुवात केली. घाण वास केवड्याखाली दबला. कुत्रा तर खूशच झाला.

माळ्यावर राहणारी मांजर हे सगळं बघत असे. तिचा बराचसा वेळ स्वतःचं अंग चाटून स्वच्छ करण्यात जायचा. ती म्हणाली, “हा वास तुझ्या नाकात बसलाय. तुला दुसरं काही कळतं का आता?”

“मला काय कळायचं राहिलंय?” कुत्रा म्हणाला. “या ओसरीवर पाय ठेवायची कोणाची छाती आहे?”

दिवसा घरची दोघं शेतावर जात आणि कुत्राही त्यांच्याबरोबर जाई. मागे मांजर आणि बकऱ्या एवढीच राहत. एके दिवशी दाट धुकं उतरलं होतं. संध्याकाळी कुत्रा परत आला, तेव्हा मांजर माळ्याच्या अगदी टोकाला अंग चोरून बसली होती.

“तुझी गादी बघ,” ती हळूच म्हणाली. “तुझ्या अंगापेक्षा मोठा खड्डा पडलाय तिच्यात.”

कुत्र्याने पाहिलं. खड्डा होता खरा. त्याने पंजा ठेवला. गादी कोमट होती.

“ऊन लागलं असेल,” तो म्हणाला.

“आज ऊन पडलंच नाही,” मांजर म्हणाली.

कुत्र्याने खड्ड्यात नाक खुपसून हुंगलं. केवडा. त्याच्या खाली त्याचा स्वतःचा जुना, आंबट वास. त्याच्याही खाली आणखी काहीतरी होतं, पण ते काय, हे काही केल्या उमगेना. त्याने दोन-चार गिरक्या घेतल्या आणि त्या खड्ड्यातच तो निजला. पण खड्डा त्याला सैल होत होता.

पुढे काही दिवसांनी गोठ्यातल्या म्हाताऱ्या बकरीने त्याला हाक मारली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. शेजारी तिचं तांबडं करडू उभं होतं.

“काय रे,” ती म्हणाली, “दुपारचा येऊन गोठ्यात का उभा राहतोस? हाक मारली तर बोलत नाहीस. नुसता श्वास घेत असतोस.”

कुत्र्याच्या मानेवरचे केस ताठ झाले. “मी तर दुपारी शेतावर असतो.”

“असं कसं? काल माझ्या तोंडाशी तोंड आणलं होतंस की. तुझाच वास होता. तुझा नि त्या केवड्याचा.”

खरं तर तेव्हाच त्याने जागं व्हायला हवं होतं. पण आपलं नाक आपल्याला फसवतंय, हे कबूल करायची त्याला लाज वाटली. “म्हातारपणी असे भास होतात,” असं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेतावरून आल्यावर द्वारकाबाई गोठ्यात डोकावल्या आणि किंचाळल्या. म्हातारी बकरी नव्हती. दाव्याचं तुटकं टोक खुंट्याला लोंबत होतं. बाकीच्या बकऱ्या शांतपणे रवंथ करत होत्या. एकही ओरडली नव्हती, एकीनेही दावं ओढलं नव्हतं. करडू मात्र कोपऱ्यात थरथरत उभं होतं. कुत्रा जवळ जाताच ते भिंतीला चिकटलं.

“येऊ नकोस!” ते ओरडलं. “तूच आला होतास. तूच माझ्या आईला घेऊन गेलास!”

कुत्रा ओसरीवर आला. आपल्या गादीत लोळून, आपला वास पांघरून आपल्याच घरात कोणीतरी वावरतंय, हे त्याला आता कळलं. त्याने गादी दातांत धरली आणि ओढत ओढत धुण्याच्या दगडापाशी नेऊन द्वारकाबाईंच्या पायांशी टाकली.

“आता शहाणपण सुचलं होय?” द्वारकाबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी पदर खोचला. खोळ उसवून काढली, आतल्या चिंध्या झटकल्या. केसांचे पुंजके उडाले. कुत्र्याचे केस तांबूस होते. पण त्यांत काही आखूड, पिवळट केस होते आणि काही काळे. द्वारकाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. मग त्या भराभर कामाला लागल्या. खोळ आणि चिंध्या त्यांनी गरम पाण्यात, रिठ्याच्या फेसात भिजत घातल्या, खसाखसा चोळल्या, पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळून काढल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडून कडक ऊन पडलं. ओल पार जाईपर्यंत सगळं उलटून पालटून वाळवलं, मगच गादी पुन्हा शिवली. पावडरीचा डबा त्यांनी उकिरड्यावर फेकून दिला.

गादीला आता कसलाच वास येत नव्हता. पहिल्यांदा तिच्यावर निजताना कुत्र्याला परक्या घरी आल्यासारखं वाटलं. पण हळूहळू त्याचं नाक मोकळं झालं. ओल्या मातीचा वास आला, चुलीच्या राखेचा आला, माळ्यावरच्या मांजरीचाही आला.

मग पुन्हा एकदा धुकं उतरलं. संध्याकाळी तो सगळ्यांच्या पुढे धावत घरी आला. गादीवर खड्डा पडला होता. त्याने हुंगलं आणि या वेळी त्याला कसलीच शंका उरली नाही. बिबट्या. माग ताजा होता. ओसरीवरून तो रानाकडे वळला नव्हता, गोठ्यात गेला होता. परतल्याची खूण कुठेच नव्हती.

कुत्रा गोठ्याच्या दारात गेला. बकऱ्या निवांत रवंथ करत होत्या, कारण त्या जनावराच्या केसांत अजून थोडा केवडा होता. वैरणीच्या ढिगामागे, करडापासून हातभर अंतरावर, दोन डोळे शांतपणे त्याच्याकडे पाहत होते.

“ओरडू नकोस,” बिबट्या हलक्या आवाजात म्हणाला. “यांना वाटतंय, तूच इथे बसला आहेस. बरेच दिवस मी इथे तूच होतो. कोणाला फरक कळला?”

“मला आज कळला,” कुत्रा म्हणाला, आणि सगळा जीव गळ्यात आणून भुंकला.

बकऱ्या उसळल्या. दारात एक आणि आत एक, असे दोन कुत्रे एकाच वेळी कसे असतील, हे त्यांना त्या क्षणी उमजलं आणि त्यांनी एकच कालवा केला. भिवाजी पत्रा बडवत धावला, मागोमाग द्वारकाबाई कोयता घेऊन. बिबट्याने कुडावरून झेप घेतली आणि धुक्यात तो दिसेनासा झाला.

करडू वाचलं. पण कुत्र्याला पाहिलं की ते मागे सरायचं, त्याचा वास आला की अंग आक्रसून घ्यायचं. कुत्रा रागावला नाही. त्याने गादी ओढत नेऊन गोठ्याच्या दारात टाकली, जिथे दिवसभर उजेड असे, आणि करडाला आपण पूर्ण दिसू असा तिथे निजू लागला. शेतावर जायचंही त्याने सोडून दिलं. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी करडू दारापर्यंत आलं. त्याला न हुंगता, नुसतं डोळ्यांनी ते कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत उभं राहिलं. कुत्र्याने मान वर केली नाही. ते भिऊन पळू नये म्हणून त्याने शेपटीसुद्धा हलवली नाही.

तात्पर्य : घाण धुवायची टाळून जो तिच्यावर सुगंध शिंपडतो, त्याला आधी स्वतःची घाण कळेनाशी होते आणि मग दारातून आत आलेला शत्रूही.