अकराचा पारा

पृथ्वी सूर्याकडून किती उष्णता घेते आणि किती परत सोडते, हे मोजायला उपग्रह जायचा होता. संचालक निमकरसाहेबांनी कक्षा ठरवूनही टाकली होती. दिवसा उपग्रह जिथून जाईल, तिथे बरोब्बर अकराच वाजलेले असणार!

"पण साहेब, दुपारी चारची पृथ्वी निराळी असते," बैठकीत शास्त्रज्ञ मंजिरी खानोलकर म्हणाली. "जायची वेळ रोज थोडी सरकायला हवी."

"अकराचे आकडे घ्या, सरासरी काढा. शिस्त म्हणजे शिस्त!" साहेबांनी पेन उघडलं. एकदा सही झाली की विषय संपलाच.

मंजिरीला हसू आवरेना. तिने चटकन एक तक्ता पुढे सरकवला. "हा तुमचा पारा, साहेब. महिनाभर रोज अकराला नोंदवलाय. सरासरी आली, साहेब कायम तापलेले. वार्षिक अहवालात छापू?"

"अहो!" साहेब खुर्चीतून उडालेच. "अकराला माझा चहा व्हायचा असतो! चारला येऊन बघा, कसा निवलेला असतो मी!"

"पृथ्वीही अगदी हेच म्हणतेय, साहेब."

सगळी बैठक खो खो हसत सुटली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नेमके अकरा वाजले होते.

"आधी चहा सांगा," ते पेन मिटत गुरगुरले, "मग सरकत्या कक्षेचा कागद आणा."