मासोळी, कोळंबी आणि पांढरी अंडी

एका घरातल्या काचेच्या टाकीत, तळाच्या बारीक वाळूवर, मिशांची एक छोटीशी कॅटफिश राहत असे. वाळू उकरून पोट भरावे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा या मासोळीचा स्वभाव. एकदा घरमालकाने टाकीतले थोडे पाणी बदलले. ताजे, गार पाणी अंगाला लागताच तिने काचेवर बत्तीस अंडी चिकटवली. मागच्या खेपेची सगळी अंडी गप्पी माशांनी फस्त केली होती. म्हणून या वेळी ती तिथून हलेना.

"मावशी, वाळूत खाऊ पडलाय, जा की!" गप्पी लांबूनच म्हणाले.

"तुमचा खाऊ कुठं चिकटलाय ते ठाऊक आहे मला. व्हा पलीकडे!"

मुलांनो, दुसऱ्या दिवशी तीन अंडी पांढरी पडली. ते पाहून झाडाआड राहणारी लाल कोळंबी पुढे आली. "मासोळीबाई, ही तीन गेली. आता बुरशी धरेल. मी खुडून नेते. चांगल्याला तोंड लावणार नाही."

"ज्याला त्याला माझ्याच अंड्यांची काळजी!" मासोळी फणकारली. "पांढरी पडली म्हणून माझी नाहीत का ती? उद्या यांतूनही पिल्लं निघतील."

"उद्या शेजारची पांढरी पडतील," एवढे बोलून कोळंबी परतली.

तिसऱ्या दिवशी त्या तीन अंड्यांना कापसासारखे तंतू फुटले आणि शेजारची अकरा अंडी त्यांत गुरफटली. मासोळीने डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. एकही गप्पी जवळ फिरकला नव्हता. तिने मिशांनी तंतू झटकून पाहिले, तर ते आणखीच पसरले. तेव्हा ती काचेपासून बाजूला झाली. "कोळंबीताई, या."

कोळंबी एकेक अंडे चाचपून खुडू लागली. एका अंड्यापाशी मासोळी कळवळली, "एवढं राहू द्या ना. अर्धंच पांढरं आहे."

कोळंबी थांबली. "तुम्ही म्हणाल तसं."

मासोळीने त्या अंड्याकडे पाहिले, मग त्याला खेटून असलेल्या नितळ अंड्यांकडे पाहिले. "न्या," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी अठरा पिल्ले वाळूवर उतरली. ती तीन वेळीच खुडली असती, तर एकोणतीस उतरली असती. पण ते कोळंबी बोलली नाही.

तात्पर्य : नासलेले केवळ आपले म्हणून कवटाळून बसले, तर त्यापायी धडधाकट असलेलेही हातचे जाते.