मुठीखालचं गवत

राजे घोड्यांच्या जिवावर आणि गावं गवताच्या जिवावर जगत होती, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका डोंगराच्या उतारावर गावाचं कुरण होतं. घराघराला त्यातला एकेक पट्टा वाटून दिलेला होता आणि कापलेल्या गवतातला राजाचा वाटा त्याच्या पागेतल्या घोड्यांना जायचा. कापणीची रीत मात्र सगळ्यांना सारखीच. आधी डावी मूठ जमिनीला टेकवून माप घ्यायचं आणि विळा त्या मापाच्या वरून चालवायचा. मुठीखालच्या गवताला कुणी हात लावत नसे.

त्या गावात हौसा नावाची एकटी म्हातारी राहायची. तिला आपलं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे तिची तांबू गाय.

एका वर्षी राजाच्या पागेचा कारभारी कापणी बघायला आला. आला तो घोड्यावरून, आणि खाली उतरायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. कापलेल्या कुरणात उरलेले खुंट बघून तो गरजला, "एवढं गवत मागे ठेवता? ही तर राजाची चोरी! खुरपी घ्या आणि मुळापर्यंत खरवडा!"

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे होऊन म्हणाली, "सरकार, गवत शेंड्यातनं न्हाई वाढत, बुडख्यातनं वाढतं. म्हणून तर गुरानं वरचं खाल्लं तरी त्ये परत येतं. मुठीखालचं ना आमचं, ना राजाचं. त्ये गवताचं सोताचं हाय."

"गवताचं स्वतःचं!" कारभारी खो खो हसला. हसणं सोपंच होतं. त्याने जन्मात गवताची एक काडी कापली नव्हती.

गाव घाबरलं आणि खरवडायला लागलं. हौसा तेवढी हटली नाही. कारभाऱ्याच्या शिपायांनी तिची तांबू ओढत नेऊन कोंडवाड्यात घातली. "पट्टा खरवडशील, तेव्हा गाय मिळेल," कारभाऱ्याने बजावलं.

हौसा खुरपं घेऊन पट्ट्यावर गेली. गाईसाठी तिचा जीव तुटत होता. तिने गवताच्या एका ठोंबात, बुडाशी राहिलेल्या झुपक्यात, बोटं घातली, तर सुकल्या पात्यांच्या आत बारीकसा हिरवा कोंब हाताला लागला. तिने खुरपं खाली ठेवलं आणि ती मोठ्याने रडली.

महिनाभरात तांबू उपासाने मेली. आणि कुठे मेली? पागेच्या भिंतीला लागून असलेल्या कोंडवाड्यात! भिंतीपलीकडे गवताच्या गंजी छपराला टेकल्या होत्या, पण कुणाला एक पेंढी टाकावीशी वाटली नाही. यांना माणसं म्हणायचं!

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पण धरून ठेवायला जिवंत मुळंच नव्हती, म्हणून उतारावरची माती ओढ्याला गेली. उघड्या खडकांत हौसाचा एक पट्टा तेवढा हिरवागार डोलत होता.

पागेत चाऱ्यावाचून घोडे रिकाम्या गव्हाणीला तोंड घासू लागले, तेव्हा राजा स्वतः कुरणावर आला. कारभारी लगबगीने म्हणाला, "महाराज, या म्हातारीनेच गवत दडवलं होतं."

"दडवलं न्हाई, राखलं," हौसा कडाडली. तिने मूठ जमिनीला टेकवून दाखवली. राजा तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला, ठोंब हाताने चाचपून बघितला आणि त्याला सगळं उमगलं. शरमेने तो म्हणाला, "आजी, काय हवं ते माग."

"माझी तांबू द्या."

तांबूचं काय झालं ते लोकांनी सांगितलं, तशी राजाची मान खाली गेली.

त्याच दिवशी कारभाऱ्याचा घोडा काढून घेतला गेला. हौसाच्या पट्ट्यातले ठोंब टोपलीत घेऊन कारभारी राजाच्या हुकमाने खडकाखडकांत लावत पायी फिरू लागला. कुरण परत हिरवं व्हायला सात वर्षं लागली. कारभाऱ्याची पाठ वाकली ती वाकलीच. तांबू मात्र काही परत आली नाही.

ज्याच्यावर जगायचं त्याचं वरचं तेवढंच घ्यावं. त्याच्या मुळावर उठणारा आपल्याबरोबर निरपराधांचाही घास हिरावतो.